प्रश्न बाळाला नाही, तुम्हाला

चि. लेकास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुमच्या बाळाच्या बाप्तिस्म्याची तारीख लांबवू नका. जन्मानंतर पहिल्या काही आठवड्यांत तो व्हावा असं चर्चचा कायदा सांगतो, आणि हॉल मिळत नाही हे कारण त्यात बसत नाही. आधी फादरांना भेटा, केटररला मागाहून.

धर्ममातापिता (गॉडफादर, गॉडमदर) सोन्याची साखळी कोण घालील यावरून ठरवू नका. वयाची 16 वर्षं पूर्ण, कॅथलिक, ख्रिस्तशरीर (कम्युनियन) व दृढीकरण (कन्फर्मेशन) संस्कार झालेला आणि श्रद्धेला धरून जगणारा माणूस लागतो. एक असला तरी चालतो. दोन असले तर एक पुरुष, एक बाई. घोडं बहुधा दृढीकरणाच्या दाखल्यावर अडतं, कारण तो दुसऱ्या धर्मग्रामातून (पॅरिशमधून) आणायचा असतो आणि आठवण आदल्या दिवशी होते. नोंदवहीत बाळाचं नाव जन्मदाखल्याप्रमाणे, अक्षर न् अक्षर जुळवून घ्या. लग्नाच्या वेळचा दाखला याच नोंदीवरून निघतो. एका स्पेलिंगपायी तेव्हा हेलपाटे पडतात.

आता विधीकडे नीट लक्ष द्या. नाव काय ठेवलं, चर्चकडे काय मागता, हे फादर तुम्हाला विचारतात. लगेच पुढचा प्रश्न येतो: याला श्रद्धेत वाढवायची जबाबदारी घेताय, ती कळली आहे ना? छातीवर तेल, डोक्यावर तीनदा पाणी, टाळूवर क्रिझ्मा हे सुगंधी पवित्र तेल, पांढरं वस्त्र, हे बाळाचं. पण फादरांपाठोपाठ त्याच्या कपाळावर क्रूस तुम्ही करायचा, आणि पास्खाच्या (ईस्टरच्या) मेणबत्तीवरून पेटवलेली ज्योत तेवती ठेवण्याचं काम तुमच्याकडे सोपवलं जातं. फोटोग्राफर नेमका तेव्हाच 'इकडे बघा' म्हणतो. बघू नका.

आपल्याकडे पाचारण, म्हणजे देवाची हाक, म्हटलं की फादर होण्याची सेमिनरी नाहीतर सिस्टरांचं कॉन्व्हेंट. पण ते संसारातही असतं. फ्रान्सचे लुई आणि झेली मार्टिन यांना 2015 साली जोडीनं संत घोषित केलं. तो घड्याळजी, ती लेस विणणारी. 9 मुलं झाली, त्यातली 4 लहानपणीच गेली. दुकान, हिशेब, आजारपणं यांतच त्यांचं पाचारण होतं. जगभरच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं 1964 साली कुटुंबाला घरातलं चर्च म्हटलं ते याच अर्थानं.

रोजचं काम छोटं आहे. झोपवताना अंगठ्यानं बाळाच्या कपाळावर क्रूस काढा, बस. दोनेक वर्षांचं झालं की खूण शिकवा: उजवा हात कपाळी, छातीवर, डाव्या खांद्यावर, मग उजव्या. समोर बसून शिकवाल तर आरशातल्यासारखं पाहून पोर डावा हात उचलील. मांडीवर, पाठ तुमच्याकडे करून बसवा आणि त्याचा हात धरून फिरवा.

रोझरी म्हणजे आपली जपमाळ; दहा-दहा मण्यांच्या पाच दशकांची ती वीस मिनिटं चालते; चार वर्षांच्या मुलाला तेवढं बसवलं तर ते फक्त चुळबुळ शिकतं. त्याच्यासाठी एकच दशक: एकदा 'आमच्या बापा', दहा 'नमो मरिया', एकदा पित्याचा गौरव. मणी त्यालाच सरकवू द्या. बाकीची तुम्ही पुढे म्हणा.

आई रोझरी धरते आणि बाबा मोबाइल, हे सर्वांत जास्त बिघडवतं. प्रार्थना बायकांचं काम आहे, हे मूल न सांगता शिकतं. तेव्हा सुरुवात तू कर. 'जेव, नाहीतर देव शिक्षा करील' हे घरात नकोच. आणि रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गाला सोडलं की सुटलो, असंही नाही. तो आठवड्यातला एखादा तास. पहिले शिक्षक आईवडील.

त्याच्यावर उगाच ओरडलास तर रात्रीच्या प्रार्थनेआधी त्याची माफी माग. आपले दोष मुलांपुढे कबूल करावेत, असं धर्मशिक्षणही सांगतं. बापाच्या तोंडून 'चुकलं माझं' ऐकलेल्या मुलाला 'आमच्या बापा'मधली क्षमेची ओळ समजवावी लागत नाही.

बाप्तिस्म्याची मेणबत्ती केकवर लावू नका. दरवर्षी त्याच तारखेला एक 'आमच्या बापा' म्हणून होईपर्यंत पेटवायची, म्हणजे वर्षानुवर्षं पुरते. एरवी सुती फडक्यात गुंडाळून कपाटात आडवी ठेवा. वसईच्या मे महिन्यात उभी मेणबत्ती वाकते.

तुझे,
आई-बाबा