मिडलसेक्समध्ये हसण्यासारखं काय आहे?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतल्या ‘परदेशातली चावट गावं’ या चौकटीत मिडलसेक्सला पहिला मान दिलात, आभारी आहे. शेजारी डोळा मारणारं चित्रही आहे, न जाणो एखाद्याला विनोद कळला नाही तर! मुळात ते गाव नव्हे, इंग्लंडमधली काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी. नावाचा अर्थ मधल्या सॅक्सन लोकांचा मुलूख. पूर्वेकडच्यांचा तो एसेक्स, दक्षिणेकडच्यांचा ससेक्स. संपला चावटपणा.

१९८६ साली मी आठवीत होतो. ताई लग्न होऊन लंडनमधल्या हॅरोला गेलेली, पत्त्याची शेवटची ओळ मिडलसेक्स. अण्णांनी मला पत्र रजिस्टर करायला पोस्टात धाडलं. खिडकीमागच्या गृहस्थांनी चष्मा कपाळावर चढवून एकेक ओळ मोठ्याने वाचली, शेवटच्या ओळीला थांबले आणि म्हणाले, “बाळ, घरी विचारून लिहिलंस ना हे?” रांग खदखदली. रांगेत शेजारच्या काकू होत्या, त्यामुळे संध्याकाळपर्यंत अख्ख्या वाड्याला कळलं. पुढे ताईनेच कळवलं, इकडे लोक ‘मिड्‌क्स’ असं तोडून लिहितात. अण्णांनी शेवटपर्यंत तसंच लिहिलं, तेही बारीक अक्षरात.

गंमत म्हणजे कारभारापुरती ती काउंटी १९६५ मध्येच मोडीत निघाली होती. बहुतेक भाग ग्रेटर लंडनने गिळला. १९९६ मध्ये तिकडच्या टपालखात्यानेही पत्त्यातून काउंट्यांची सुट्टी केली. ताई मात्र अजून लिहिते. नाव टिकवलं ते क्रिकेटने. लॉर्ड्स हे मिडलसेक्सचं घरचं मैदान. १९४५ च्या रणजी अंतिम सामन्यात होळकर संघाकडून ब्रेबॉर्नवर मुंबईला नाबाद २४९ चोपणारा डेनिस कॉम्प्टन मिडलसेक्सचाच. २०२२ मध्ये विदर्भाचा उमेश यादव तिथे खेळायला गेला, तेव्हा तुमच्या क्रीडापानाला कुठे हसू फुटलं होतं? अमेरिकेत न्यू जर्सीतलं एडिसनही तिथल्या मिडलसेक्स काउंटीतच येतं. तिथे मुलं-सुना असलेले तुमचे वाचक काही कमी नाहीत, त्यांना विचारून पाहा हसू येतं का.

एक जुना वाचक, सातारा

ता. क. शब्दकोड्याची उत्तरं सलग तीन रविवार छापलेली नाहीत. फोन केला तर ‘जागा नव्हती’ म्हणतात. चावट गावांना अर्धं पान मिळालं, ते मी मोजून पाहिलं आहे.