आज्जीचं नाक सरळ करू नकोस

प्रिय सुध्या,

फोटो पाहिले रे सगळे. आज्जीचं मातीचं हेड मस्त उभं राहिलंय, मान तर अगदी आज्जीचीच, ती बोलताना पुढे काढायची तशी. पण शेवटी तू जे विचारलंयस ना, की घरचे म्हणतायत नाक जरा सरळ कर, चांगलं दिसू दे, तर करू का, त्यावर नीट बोलायचंय आणि फोनवर तू मला मध्येच तोडतोस म्हणून लिहितोय.

नको करूस.

फ्रेंच शिल्पकार रोदँचं ते मोडक्या नाकाच्या माणसाचं डोकं काढून परत बघ. 1863 साल, रोदँ तेविशीतला, खिशात पैसे नाहीत, मॉडेल परवडत नाही, म्हणून पडेल ते काम करणाऱ्या बिबी नावाच्या माणसाला त्याने समोर बसवलं. स्टुडिओत शेकायला विस्तव नाही, थंडीत माती गोठली आणि डोक्याचा मागचा भाग निखळून पडला, राहिला नुसता मुखवटा. त्याने तो मुखवटाच सलोनला, म्हणजे पॅरिसच्या मोठ्या कलाप्रदर्शनाला, पाठवला आणि त्यांनी नाकारला. नंतर तेच डोकं संगमरवरात पूर्ण झालं आणि 1875 ला त्याच सलोनमध्ये लागलं. मला त्यात सगळ्यात भारी काय वाटतं माहितीये, ते नाक एकटं मोडलेलं नाहीये. कपाळाच्या आठ्या, भुवया, गाल, दाढी, सगळं त्या नाकाशी जुळवून घेतल्यासारखं बसलंय, नाक सरळ केलंस तर बाकीचा चेहरा कोणाचा हेच कळणार नाही.

आज्जीचंही तेच आहे. तूच बघ, डावीकडच्या दाढा गेल्या म्हणून तो गाल आत गेलाय, म्हणून ओठाचा तो कोपरा खाली उतरलाय, आणि आयुष्यभर जड कुड्या घालून कानाची भोकं ओघळलीयेत. हे तू केलंयस, आणि काय सुंदर केलंयस! कानाच्या पाळीची ती लांबुळकी चीर मी झूम करून करून बघितली. आता नाक मधोमध आणलंस की तो कोपरा नुसताच चुकलेला दिसेल. ते वाकडेपण उरकून टाकायची गोष्ट नाहीये, तिथेच जास्त वेळ घालवायचा. टर्नटेबल, म्हणजे हेडखालचा फिरता पाट, थोडं थोडं फिरवत प्रत्येक बाजूची कड तपास, रोदँही तसंच करायचा, आणि वरून टाळूकडूनही बघ, नाक किती वळलंय ते वरूनच कळतं.

पण याचा अर्थ मुद्दाम ओबडधोबड कर असा घेऊ नकोस हां. हल्ली बरीच हेड्स बघतो, मातीचे गोळे नुसते थापलेले, बोटांचे ठसे शोभेला, आणि खाली कवटीचा पत्ता नाही. ते मला गुळगुळीत पुतळ्यापेक्षाही खोटं वाटतं. तुझ्या कपाळावर अंगठा ओढल्याच्या ज्या खुणा आहेत त्या हाडाच्या दिशेने गेल्यात, म्हणून त्या राहू देत, ओला स्पंज फिरवू नकोस. हनुवटीखालचा गोळा मात्र नुसताच चिकटवलाय, तो काढ.

भाजणार असशील तर वरचा भाग तारेने कापून आतून पोकळ कर, भिंत सगळीकडे सारख्या जाडीची ठेव, जोड खरवडून स्लिप, म्हणजे पातळ कालवलेली माती, लावून बसव आणि सावलीत हळूहळू सुकू दे, घाई केलीस तर मानेपाशी तडा जाईल. त्या तड्यात काही सौंदर्य नसतं, गेलाच तर बुजव. आणि माती आटणार, भाजून होईपर्यंत साधारण दहाव्या हिश्श्याने, म्हणून हेड आत्ता थोडं मोठं वाटलं तरी असू दे.

घरच्यांना मी समजावतो हवं तर, काकूंना फोन लावून देशील का? आणि पुढचे फोटो काढशील तेव्हा फ्लॅश बंद कर, खिडकीचा उजेड एका बाजूने येऊ दे, मला डावा गाल नीट बघायचाय.

तुझाच,
नंदू