वाटाणा की मिरी?

सिडनी, रविवार रात्र

प्रिय बंड्या,

फोटो बघून तू विचारलंस, "पांढऱ्या खोडावर मोडीत कुणी खरडलंय?" मोडीच समज, पण लिहिणारी एका पतंगाची अळी. सालीच्या आत पोखरत जाते, टोकाला वळसा घेते आणि आल्या वाटेनंच परत फिरते, म्हणून रेघ जोडीनं दिसते. ती निघून गेल्यावर कधीतरी जुनी साल गळते आणि मजकूर उघडा पडतो. या झाडाला इथे स्क्रिब्ली गम म्हणतात. आपण काय, दिसला युकॅलिप्टस की 'निलगिरी' म्हणून मोकळे. तेही नाव तमिळनाडूतल्या डोंगरांचं! इथे ७००च्या वर जाती आहेत.

रेघोट्या दिसल्या की तो युकॅलिप्टस हेमास्टोमाच, असं धरून मी महिनाभर भेटेल त्याला ज्ञान पाजळत होतो. काल रॉयल नॅशनल पार्कात तोंडघशी पडलो. वाटेत भेटलेल्या एका आजीबाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "बोंडं पाहिलीस का?"

बोंडं! मी आपला खोडच वाचत बसलेलो. रेघोट्या एकापेक्षा जास्त जातींवर असतात रे. तिथे डहाळी तोडायची नाही, पण पाचोळ्यात बोंडं हवी तेवढी. गुडघे टेकले. हेमास्टोमाचं बोंड वाळक्या वाटाण्याएवढं, ७-८ मिलिमीटर, वरची चकती रुंद आणि तांबूस. ग्रीकमध्ये नावाचा अर्थच 'रक्तमुखी'. रेसेमोसा ही रेघोट्यांचीच दुसरी जात, तिचं मिरीएवढं, पानंही अरुंद. जागा बघून म्हणशील तर वाळूच्या खडकाचा उघडा माथा, माती नावालाच, शेजारी बँक्सियाची झुडपं. कोकणातल्या सड्यावर उभा असल्यासारखं वाटलं, फक्त कातळ जांभा नव्हे. असा माथा हेमास्टोमाला मानवतो, पण नुसत्या जागेवर निकाल द्यायचा नाही, असं आजीबाईंनी बजावलं. दोघांचा संकरही होतो म्हणे.

मी मान डोलावली, बोंडं होती तिथे ठेवली आणि ऐटीत उतरलो. घरी बूट काढले, तर आत एक अडकलेलं. कंपासपेटीतली पट्टी लावली.

बरोब्बर ६ मिलिमीटर.

आता तूच सांग, वाटाणा की मिरी?

तुझा,
दिन्या