तानपुऱ्याची जवारी काढून देणाऱ्या काकांना

काका, नाव टाकलेलं तुम्हाला आवडणार नाही म्हणून टाकत नाही, पण कुणीतरी हे तुम्हाला वाचून दाखवेलच. जवारी, म्हणजे तारांचा तो झणकार, गेलेला बाईंचा तानपुरा परत बोलायला लागलाय आणि मला अजून भरून येतंय.

याआधी ज्यांना विचारलं त्यांचं काय सांगू! एकाला फोनवर 'घोडी खराब झालीय' म्हटलं तर तो रंगाऱ्याची घोडी समजून किती फुटी विचारायला लागला. त्याचं सोडा, शब्दच तसा आहे, रंगाऱ्याची वेगळी, नवरदेवाची वेगळी, तारा जिच्यावर टेकतात ती तानपुऱ्याची वेगळी. पण स्वतःला वाद्यवाला म्हणवणाऱ्याने पण नुसती तार ताणून बघितली आणि म्हणे लाकूड मेलंय ताई, आता ॲप वापरा. ॲप म्हणे!

तुम्ही कानसीला आधी हातच लावला नाहीत. पट्टी कुठली, म्हणजे पेटीच्या कुठल्या स्वराला सा धरून गाते, ते विचारलंत, मी काळी चार म्हटलं, त्यात तानपुरा मिळवलात आणि म्हणालात, 'आता सा लावा बघू.' मी लाजत लाजत लावला आणि तुम्ही डोळे मिटून ऐकत बसलात. तोवर मी गाते का हेसुद्धा कुणी विचारलं नव्हतं हो. मग तारा सैल करून घोडीवर पडलेल्या खाचा दाखवल्यात, हलक्या हाताने थोडं घासायचं, तार चढवायची आणि माझ्याकडे बघायचं, 'आलं का?' एवढं आयुष्य त्यात गेलेला माणूस माझ्या कानाला विचारतोय! मधल्या दोन, जोडाच्या तारा लवकर आल्या, खरजाची, म्हणजे खालच्या सा ची पितळी तार मात्र अडून बसली, मग तुम्ही तारेखालचा सुती दोरा केसभर सरकवलात आणि एकदम झणकार फुटला, कुणी न छेडलेला गंधार खरजातून स्वच्छ ऐकू यायला लागला. घोडीच्या उताराला जवारी, तो घासून काढायलाही जवारी आणि त्या झणकारालाही जवारीच का म्हणतात ते तेव्हा डोक्यात शिरलं. गळ्याला पण जवारी असते, तुम्ही जाता जाता म्हणालात.

समोरच्याला नीट ऐकून घेणारी माणसं आहेत म्हणून चाललंय सगळं, नाहीतर प्रत्येकजण उत्तर खिशात घेऊनच बसलेला असतो.

बरं, माझ्या एका विद्यार्थिनीच्या तानपुऱ्याचीही जवारी गेलीय. पट्टी काळी पाच. तिलाच घेऊन या म्हणाल, माहितीये, घेऊनच येते.