कॅरिअर नसला तरी डायनॅमोचा दिवा बसतो

संपादक महोदय,

डायनॅमोचा दिवा लावायला सायकलला पुढे कॅरिअर लागतो, हा गैरसमज आहे. पुढचे चाक धरणाऱ्या चिमट्याच्या माथ्याला, मडगार्ड किंवा ब्रेक अडकवण्यासाठी, बहुधा आरपार भोक असते. त्यातून ६ मिमी बोल्टने स्टीलची पट्टी कसावी आणि दिवा तिच्यावर चढवावा. पातळ अॅल्युमिनियमची पट्टी घेऊ नये. सततच्या हादऱ्यांनी ती वाकणीपाशी तडकते आणि दिवा थेट चाकात जातो. नट आत नायलॉनची कडी असलेलाच हवा. ब्रेकच्याच बोल्टवर पट्टी घातली, तर नटाला पुरेसे आटे उरतात का, हे आधी पाहावे. नसतील तर लांब बोल्ट घ्यावा, कारण प्रश्न ब्रेकचा आहे! भोक नसेल तर हँडलवर क्लॅम्प लावावा. कार्बनच्या चिमट्याला भोक पाडणे म्हणजे शुद्ध वेडेपणा.

वायर चिमट्याच्या पायाला बांधत न्यावी, पण वर थोडी सैल ठेवावी. नाहीतर हँडल पूर्ण वळवताच जोड निसटतो. बाटली डायनॅमोला (टायरला घासून फिरणाऱ्या) एकच वायर असेल, तर परतीचा प्रवाह सांगाड्यातून जातो. डायनॅमो आणि दिवा सांगाड्याला टेकतात तिथला रंग खरवडला नाही तर दिवा मिणमिणतो किंवा लागतच नाही. हब डायनॅमोला (चाकाच्या मध्यात बसणाऱ्या) दोन्ही वायरी जोडाव्यात.

शेवटी झुकाव. भिंतीपासून ५ मीटरवर सायकल उभी करून चाक फिरवावे. दिवा ८० सेंमी उंचीवर असेल तर झोताचा मध्य ४० सेंमीवर पडावा. त्याहून वर गेला की समोरच्याचे डोळे दिपतात.

एक सायकलस्वार