एक जोडणी, दोन चुली: काकांना जाहीर आभारपत्र

ती. स्व. काकांना,
सा. न. वि. वि.

समोर बसवून आभार मानायला गेलं की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणता, पिशवी उचलता आणि चालू लागता. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे. आता तुम्हाला मध्येच उठता येणार नाही.

वाचणाऱ्यांना आधी आमचं घर सांगायला हवं. वाईतला जुना वाडा. रस्त्याकडे ओसरी, मग चौक, पलीकडे माजघर आणि त्यावर माडी. भिंती दगडमातीच्या, चांगल्या हातभर जाड. चुली दोन, पण फायबरची जोडणी एकच. ओसरीवर मी लोकांची जीएसटीची विवरणपत्रं भरते. माडीवर जाऊबाईंचं पुण्याच्या कंपनीचं काम चालतं. माजघरात मुलांचा संगणक, आणि मागच्या खोलीत भावोजींचा मोठा डेस्कटॉप, कारण ते लग्नांचे फोटो काढतात. विवरणपत्रांची 20 तारीख जवळ आली, की माझं पोर्टल आणि जाऊबाईंची मीटिंग एकाच वेळी अडकायची. मग "नेट कोण खातंय?" हा प्रश्न चौकात यायचा आणि त्याचं उत्तर ज्याच्या-त्याच्या चेहऱ्यावर दिसायचं.

इंटरनेट कंपनीच्या मदतक्रमांकावर एकच उपाय मिळायचा: प्लॅन वाढवा. तो वाढवला. बिल वाढलं, बाकी होतं तसंच. दोन्ही घरांनी वेगळी जोडणी घ्यावी इथपर्यंत गोष्ट आली होती, आणि एकत्र घरात 'वेगळी' हा शब्द फक्त तारेपुरता राहत नाही, हे तुम्हाला सांगायला नको.

दूरसंचार खात्यात तुमची हयात तारा जोडण्यात गेली. 2005 साली गावोगाव ब्रॉडबँड आलं, तेव्हा 256 केबीपीएसच्या वेगावर लोक कसे हरखून गेले होते हे तुम्ही अजून सांगता. तुम्ही आलात आणि कशालाही हात लावण्याआधी लॅपटॉप सरळ तारेने फायबरच्या डब्याला जोडून वेग मोजलात. पैसे भरले होते तितका पुरेपूर मिळत होता. "दारापर्यंत सगळं ठीक येतंय. गडबड घरात आहे," एवढंच म्हणालात. जाऊबाई आणि मी एकमेकींकडे बघितलं, कारण ते वाक्य दोन अर्थांनी खरं होतं.

गडबड अशी होती. माडीवर वायफाय पोचत नाही म्हणून जोडणी द्यायला आलेल्या मुलाने आमचाच एक जुना राउटर तिथे लावून दिला होता. घरातल्या प्रत्येक संगणकाला जाळ्यात ओळखीचा एक आकडी पत्ता लागतो; ते पत्ते फायबरचा डबाही वाटत होता आणि माडीवरचा राउटरही. शिवाय दोघेही स्वतःला 192.168.1.1 म्हणवत होते. ज्या संगणकाला खालून पत्ता मिळाला तो चालायचा; ज्याला माडीवरच्याने दिला त्याचं इंटरनेटकडे जाणारं दारच चुकायचं. वायफायच्या सगळ्या काड्या भरलेल्या, आणि पान मात्र उघडत नाही. तुम्ही माडीवरच्या राउटरचं डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटायचं काम, बंद केलंत, त्याला 192.168.1.2 हा पत्ता दिलात आणि खालून येणारी तार त्याच्या लॅन पोर्टमध्येच, म्हणजे घरातल्या तारांच्या भोकातच ठेवलीत. बाहेरची जोडणी घ्यायच्या वॅनच्या भोकाला हात लावू नका, म्हणून बजावलंत. तेव्हापासून पत्ते वाटणारा एकच आहे.

माझ्या मुलाने विचारलं, की बाहेरून जोडणीला पत्ता एकच, मग चार संगणक कसे चालतात? दुसऱ्या कुणी "ते तसंच असतं" म्हणून वाटेला लावलं असतं. तुम्ही त्याला देवडीवर नेलंत. पोस्टमन वाड्याचा एकच घरनंबर ओळखतो, टपाल इथे टाकतो, आणि कुठलं पत्र माडीवर, कुठलं माजघरात ते आतला माणूस ठरवतो. राउटर तो आतला माणूस, म्हणालात. फक्त त्याच्याकडे एक वही असते. कुठल्या संगणकाने बाहेर काय मागितलं ते कुठल्या पोर्टनंबरावर (हा नुसता नोंदीचा आकडा, भोक नव्हे) लिहिलं, याची ती नोंद. उत्तर आलं की नोंद बघायची आणि त्या संगणकाकडे द्यायचं. इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे पत्ते जगात सगळे मिळून साधारण 4.3 अब्ज, ते पुरणार नाहीत हे 1990च्या दशकातच कळलं होतं. म्हणून 1996 साली 192.168 ने सुरू होणारे आणि असेच आणखी काही गट घरातल्या किंवा कचेरीतल्या खासगी वापरासाठी कायमचे राखून ठेवले गेले. तेच पत्ते शेजारच्या घरातही असतात आणि कुणाचं कुणाशी भांडण होत नाही, हे ऐकून मुलगा फार खूश झाला. त्याच ओघात तुम्ही विंडोज 98च्या दुसऱ्या आवृत्तीची गोष्ट सांगितलीत: तेव्हा मोडेम लावलेला संगणकच बाकीच्यांना जोडणी वाटून द्यायचा, आणि त्याच्यासमोरचा माणूस तो बंद करून जेवायला गेला, की सगळे उपाशी.

जाड भिंतींवर तुमचं उत्तर सरळ होतं: वायफायशी झगडू नका, तार ओढा. एरवी मी तारांच्या जाळ्याला नाकं मुरडणारी बाई, पण चौकाच्या कडेने पीव्हीसीच्या नळीतून नेलेली ती केबल आता दिसतही नाही. विजेच्या वायरीपासून ती मुद्दाम लांब ठेवलीत.

टोकाला प्लग बसवताना मी शेजारीच उभी होते. बाहेरचं आवरण सोलून आठ बारीक तारा मोकळ्या केल्यात, प्रत्येक जोडीचा पीळ अंगठ्याने उलगडलात आणि ओठांतल्या ओठांत म्हणत लावत गेलात: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. मग आठही चपट्या धरून एका रेषेत कापल्यात आणि प्लगमध्ये सारल्यात. दाबण्याआधी चष्मा कपाळावर ढकलून प्लग उजेडात धरलात. आठही तांबड्या टिकल्या पुढच्या टोकाला टेकलेल्या दिसल्या, तेव्हाच क्रिम्पिंगची पक्कड दाबलीत. एकदा एक तार मागे राहिलेली दिसली. प्लग दाबलेला नव्हता, तरी तुम्ही टोक कापून पहिल्यापासून सुरुवात केलीत. मला वाटतं, आमची जोडणी आज नीट चालते त्याचं कारण त्या कापलेल्या टोकात आहे.

वायफायचं थोडक्यात सांगते, म्हणजे वाचणाऱ्यांना उपयोग होईल. वायफायच्या 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर खालच्या डब्याला चॅनेल 1 आणि माडीवरच्याला 11 दिलंत, म्हणजे दोघे एकमेकांच्या बोलण्यात तोंड घालत नाहीत. दोन्हीकडे नाव आणि पासवर्ड तोच ठेवलात. वीज गेली तरी डबा चालावा म्हणून 12 व्होल्टचा छोटा यूपीएस लावलात, तोही अ‍ॅडॅप्टरवरचे आकडे वाचून झाल्यावरच.

आता राहिलं 'नेट कोण खातंय'. एवढं करूनही दुपारची मीटिंग मधूनच अडकायची. सगळ्या संगणकांच्या तारा जिथे एकत्र येतात त्या स्विच नावाच्या डब्यासमोर तुम्ही स्टूल टाकून बसलात. सगळे जेवायला गेले होते, तरी त्याच्या एका पोर्टचा (तारेच्या भोकाचा) दिवा थांबायला तयार नव्हता. तार धरून धरून भावोजींच्या खोलीत गेलात. डेस्कटॉप लग्नाचे फोटो आपणहून क्लाउडवर चढवत बसला होता, दिवसभर. पाठवायची बाजू अशी तुडुंब भरली, की आणायची बाजूही अडते, कारण आलेल्या तुकड्यांची पोच उलट पाठवावी लागते, हे तुम्ही सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलंत. कुणाचं नाव घेतलं नाहीत. "यंत्र आहे, त्याला वेळ लावून दिली की झालं," म्हणत बॅकअप रात्री बारानंतरचा करून दिलात. भावोजी त्या दिवशी जेवायला ताठ मानेने बसू शकले, याचे आभार जाऊबाईंनी वेगळे कळवायला सांगितले आहेत.

पैसे तुम्ही घेतले नाहीत; केबल आणि प्लगांचं बिल तेवढं घेतलंत, तेही दुकानाच्या पावतीसकट. वाढवलेला प्लॅन तुम्ही सांगितल्याप्रमाणे खाली आणला आहे, आणि बिल दोन्ही घरं निम्मंनिम्मं भरतात.

उरलेली केबल शाळेच्या संगणक खोलीसाठी मागितली होतीत, ती पोचवली. तिथल्या स्विचचे दोन पोर्ट बंद निघाले, बाकीचे चालू आहेत. प्लग मुलाने बसवले. पहिला तुम्ही येऊन तपासा, असा त्याचा आग्रह आहे. पक्कडही त्याच्याकडेच आहे, ती तो आपणहून परत देईल असं दिसत नाही.

काकूंना नमस्कार. कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
ओसरीवरची वहिनी