इचेव्हेरियाला आठवड्याचं टाइमटेबल लावू नका

संपादक महोदय,

आपल्या पुरवणीत बागकामाच्या पानावर इचेव्हेरियाबद्दल, म्हणजे जाड पानांत पाणी साठवणाऱ्या, गुलाबासारख्या दिसणाऱ्या सक्युलंटबद्दल, आलेला लेख वाचला, फोटो फारच सुंदर होते, पण "घरात कुठेही ठेवा, आठवड्यातून एकदा पाणी द्या" हे जे लिहिलंय त्यावर बोलल्याशिवाय राहवत नाही, कारण अशा सल्ल्यानेच लोकांची चांगली झाडं सडून जातात आणि मग म्हणतात की आमच्याकडे सक्युलंट टिकतच नाही.

आधी उजेडाचं बघा. इचेव्हेरिया मुळात मुख्यतः मेक्सिकोतली, डोंगराळ खडकाळ जागी भरपूर उजेडात वाढणारी. तिला हॉलच्या कोपऱ्यात ठेवलं की काही आठवड्यांत मधला शेंडा वर ताणायला लागतो, पानं खाली झुकतात, दोन पानांमधला दांडा दिसायला लागतो आणि तो गुलाबासारखा घट्ट आकार पार जातो. नंतर उन्हात ठेवलं तरी ताणलेला दांडा काही आखूड होत नाही, नवीन पानं तेवढी जवळजवळ येतात, मग शेंडा कापून, चार दिवस सुकवून परत लावायचा एवढंच हातात राहतं. तुमच्याकडे उजेड खरंच कमी असेल तर हॉवर्थिया घ्या ना, ती दक्षिण आफ्रिकेत झुडपांच्या आडोशाला वाढणारी, खिडकीतल्या उजेडावर मस्त राहते. आणि हो, सावलीतलं झाड उचलून एकदम दुपारच्या उन्हात पण नको, पानं भाजतात आणि ते डाग जात नाहीत.

आता पाणी. वार बघून नाही, माती बघून द्यायचं. लाकडी काडी कुंडीच्या तळापर्यंत खुपसा, कोरडी निघाली आणि खालची पानं बोटांना जरा मऊ, सुरकुतलेली लागली की मगच द्या, पण तेव्हा खालच्या भोकातून निघेपर्यंत भरपूर द्या आणि बशीत साचलेलं ओतून टाका. ही झाडं रात्री पानांची छिद्रं उघडून कार्बन डायऑक्साइड घेतात, तो मॅलिक ॲसिडच्या रूपात साठवून दिवसा उन्हात वापरतात आणि तेव्हा छिद्रं बहुतेक बंदच असतात, त्यामुळे पाणी उडून जातच नाही फारसं. मग रोज रोज कशाला हवंय त्यांना पाणी? पान पिवळट, काचेसारखं पारदर्शक होऊन हात लावताच गळालं तर पाणी जास्त झालंय, सुरकुतलं असेल तर बहुतेक वेळा तहान आहे. लोक दोन्ही वेळेला पाणीच घालतात आणि तिथेच घात होतो. अगदी तळाची जुनी पानं कागदासारखी वाळली तर मात्र घाबरू नका, ती वाळणारच.

लेखातल्या फोटोत झाड बिनभोकाच्या काचेच्या बरणीत होतं, ते तर नकोच. भोक असलेली कुंडी आणि निम्मं तरी पर्लाइट (पांढरे हलके खडे, माती मोकळी ठेवणारे) किंवा जाड वाळू घातलेली माती, एवढं पुरे.

सगळ्यात वाईट वाटलं ते "पानं ओल्या फडक्याने पुसा" वाचून. पानांवरचा तो पांढुरका थर म्हणजे धूळ नाही हो, झाडाने स्वतः तयार केलेलं मेण आहे, कडक ऊन आणि पाणी दोन्हीपासून वाचवतं, आणि एकदा पुसलं गेलं की त्या पानावर पुन्हा नीट येत नाही, बोटाचा ठसा पान गळेपर्यंत दिसत राहतो. धूळ बसली असेल तर मऊ ब्रशने हलकेच झटका नाहीतर फुंकर मारा. पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर ते वेगळं, तो मिलीबग, रस शोषणारी कीड, त्याला इअरबडने 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लावा आणि ती कुंडी बाकीच्यांपासून लांब ठेवा.

अजून एक, फूल आलं की झाड मरतं हे सेम्परव्हिव्हम नावाच्या दुसऱ्या, अशाच दिसणाऱ्या सक्युलंटबद्दल खरंय, त्यातही फुललेलाच गुच्छ मरतो, बाजूची पिल्लं राहतात. इचेव्हेरिया दरवर्षी फुलून जगते, तेव्हा घाबरून कळ्या खुडू नका. पुढच्या पुरवणीत एवढी दुरुस्ती जरूर छापा, लोक पुरवणीची पानं कापून जपून ठेवतात.

आपल्या पुरवणीचा नियमित वाचक